दस्त्यावरची हळद

मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लाकूड कळतं. माझे वडील सावंतवाडीला लाकडी खेळणी करायचे, आणि शारजात आम्हा नवरा-बायकोचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. नवरा साइट बघतो, मी वर्कशॉप. त्यामुळे खोर फक्कानचे एक म्हातारे हाजी गाडीतून अक्रोडाचा जाड ठोकळा घेऊन उतरले आणि "बेटी, बंदूक का दस्ता बनाएगी?" म्हणाले, तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि मग विचारलं, दस्ता म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

नवऱ्याने कपाळाला हात लावला. लेक तर सरळ म्हणाली, "ममा, इज दिस इव्हन लीगल?"

लीगलच होतं. बंदूक लायसन्सवाल्या दुकानात कुलपात, तिचं लोखंड दुकानाबाहेर पडणार नव्हतं. माझ्याकडे फक्त दस्ता, म्हणजे लोखंड ज्यात बसतं आणि जे खांद्याला टेकवतात ते लाकूड. जुनी लष्करी बंदूक होती ती, हाजींच्या वडिलांनी कधीतरी घेतलेली. लाकूड पार नळीच्या टोकापर्यंत, वजनाला धोंडा, आणि खारट हवेने तडकलेलं. हाजींचा उजवा डोळा काचबिंदूने गेला होता, डावा त्याच वाटेवर होता. जन्मभर उजव्या खांद्यावरून बार काढलेला माणूस आता डाव्या खांद्यावर बंदूक धरायला शिकत होता. त्यांना हलका, सुटसुटीत दस्ता हवा होता, डाव्या गालाला बसणारा. डोळा आहे तोवर वडिलांच्या बंदुकीने एकदा निशाणा मारायचा होता, एवढंच.

"लकड़ी सब नई," ते म्हणाले, "तो बंदूक मेरे बाप की रहेगी?"

मी म्हटलं, लोखंड तर तेच आहे की. त्यांना काही ते पटलं नाही. मलाही नीट पटलं नव्हतं म्हणा.

त्यांचे वडील म्हणे सारखे कुरकुरायचे की ही बंदूक आडमुठी आहे, नेहमी डावीकडेच मारते. घरातली सगळी पोरं त्यांना हसायची. मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. हिंदीत समजावून सांगितल्यावर हाजी ठसका लागेपर्यंत हसले. "बराबर! मेरा बाप ऐसा ही था!"

काम सुरू झालं आणि मी पार नादावले. लोखंड लाकडात असं बसायला हवं की मधे कागद सरकू नये. ते बसवून बघायला मी लाकूड घेऊन बंदुकीच्या दुकानात जायची. तिथल्या सीरियन कारागिराने युक्ती सांगितली: लोखंडाला काजळी फासायची, लाकडात बसवून उचलायचं, जिथे काळा ठसा उठेल तिथेच पटाशीने तासायचं. मी पर्समधून काजळाची डबी काढली तर तो बघतच राहिला. पण का असं? तिथे उंचवटा राहिला तर बार काढताना काय होतं? मी इतके प्रश्न विचारले की तो शेवटी "यल्ला, मॅडम, यल्ला", आटपा आता, म्हणून हात जोडायला लागला. गालाचा भाग मात्र मी हाजींना समोर बसवून केला. ते डोळे मिटून गाल टेकायचे, मी तासायची, पुन्हा टेकायचे. एकदाचे ते म्हणाले, "खलास. बस." आता फक्त तेलाचे हात द्यायचे होते.

आणि मधे खंडेनवमी आली.

वर्कशॉपमध्ये दर वर्षी मी हत्यारांची पूजा करते. रंधे, पटाश्या, करवती, ड्रिल मशीन. इतकी वर्षं शस्त्रपूजा म्हणून स्क्रू-ड्रायव्हर पुजले, आणि यंदा समोर खरोखरीच्या शस्त्राचा दस्ता! मला कोण उत्साह. भरल्या हाताने हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली की हो मी त्याच्यावर. ओल्या हळदीची. कोऱ्या लाकडावर. बरोब्बर गालाच्या जागी.

फूल वाहताना लक्षात आलं. पुसलं, तर आणखी पसरलं. कोरडं अक्रोड ते घटाघटा पिऊन गेलं होतं. तासावं तर गालाचं माप जाणार, आणि दुसरा ठोकळा नाही. वर मुसलमान माणसाच्या बापाची बंदूक, तिला मी हळद-कुंकू लावलेलं! नवरा म्हणाला, "आता बॅगा भर."

"तू गप्प बस," मी त्याच्यावर ओरडले आणि हाजींना फोन लावला.

ते आले. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी दस्ता नाकाशी नेला. "हल्दी?" मग खिडकीशी नेऊन उरल्या डोळ्याने किती तरी वेळ न्याहाळत राहिले. "किसलिए लगाते हैं?"

मी म्हटलं, ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस हात जोडायचे. त्या दिवशी त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही.

"करवत को भी?"

"करवत को भी. ड्रिल को भी. गाड़ी को भी."

त्यांनी दस्ता खांद्याला लावला, डोळे मिटले, गाल टेकला. तस्साच बसला. "हात मत लगाना," ते म्हणाले. "तूने दुआ दी है. रहने दे."

तेलाखाली पिवळा पट्टा राहिला तो राहिलाच.

थंडीत त्यांनी आम्हा दोघांना शूटिंग क्लबवर बोलावलं. तिथला इन्स्ट्रक्टर त्यांच्या शेजारी उभा, मी दुर्बिणीपाशी. हाजींनी गाल टेकला. कितीतरी वेळ काहीच होईना. मी मनात म्हणत होते, दिसू दे रे बाबा, एवढं एकदा दिसू दे. मग बार निघाला.

"लगा?"

"लगा! लगा, हाजी! पण कडेला."

"कौन सी साइड?"

"बाएँ."

त्यांनी पुन्हा नेम धरला. पुन्हा डावीकडे, पहिल्या भोकाच्या जवळच. हाजींची नजर अधू म्हणून तसं होतंय का ते बघायला इन्स्ट्रक्टरने स्वतः एक गोळी झाडली. तीही डावीकडे. "सर, नो प्रॉब्लेम," तो नळीवरच्या नेम धरायच्या खुंटीला बोट लावत म्हणाला, "साइट का फॉल्ट है, दो मिनट में सीधा करता हूँ."

हाजींनी बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली.

"हात मत लगाना," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मेरा बाप सच बोलता था, बेटी. और हम सब हँसते थे."