मिठाने मारलेला गाळ

सॉफ्टनरवाल्याने मला फसवलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला पाठीशी घातलं.

गोरेगावात दिंडोशीच्या त्या सोसायटीतला सांडपाण्याचा प्लांट मी चालवायचो. टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे घाण नव्हे, घाण खाणारे जिवंत जंतू. बोरिवलीच्या एका प्लांटमधून पिंपांत भरून आणून मी तो वाढवला होता. रोज बरणीत घेऊन बघायचो. गाळ तळाशी बसायचा, वर नितळ पाणी. तेच लोकांच्या फ्लशला जायचं.

सॉफ्टनर म्हणजे बोअरचं जड पाणी मऊ करणारं यंत्र. ते मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं आणि तो खारा निचरा माझ्या टाकीत यायचा. सॉफ्टनरवाल्याशी भांडून मी कबूल करून घेतलं होतं, की निचरा पार्किंगमधल्या पिंपात साठवायचा आणि आठवडाभर बारीक धारेने सोडायचा. हळूहळू आलेलं मीठ जंतू पचवतात. एकदम आलं की संपले.

"झकास, तू म्हणशील तसं," तो म्हणाला होता.

मी गावी जाऊन आलो तर टाकीवर फेस, आवारभर दुर्गंधी. बरणीतलं पाणी ताकासारखं गढूळ, गाळ बसेचना. मिठाने जंतूंच्या अंगातलं पाणी शोषलं होतं, पुंजके फुटले होते. निचऱ्याचा पाइप थेट माझ्या टाकीच्या चेंबरला जोडलेला, कडेला मिठाचा पांढरा थर. पिंप गायब. त्या जागी सेक्रेटरीची दुसरी गाडी.

बरणी घेऊन मी सेक्रेटरीच्या दारात गेलो.

"मिठाने काय होतं रे?" नाक दाबून तो हसला. "मिठाने तर लोणचं टिकतं!"

"लोणचं टिकतं, कारण त्यात जंतू जगत नाहीत. मला इथे जंतूच जगवायचेत, साहेब!"

"आवाज खाली. प्लांटची वाट तू लावलीस, मिठावर कशाला ढकलतोस?"

मी ती बरणी तिथेच त्याच्या उंबऱ्यावर ओतली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. महिना संपायच्या आत प्लांट सॉफ्टनरवाल्याच्या हातात गेला. आता गोरेगावात कुठेही काम मागायला गेलो, की "गाळ मारणारा तो तूच ना?" असं तोंडावर विचारतात.

मला तो प्लांट परत नको. येत्या सभेत सगळ्या सभासदांसमोर सेक्रेटरीने उभं राहावं आणि सांगावं: पिंप कोणी हलवलं, पाइप कोणाच्या हुकुमाने फिरवला? माझं नाव घाण केलंत. उत्तर द्या.