कंपायलर वेगळा काढला तेव्हा

पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचे घड वजनाप्रमाणे वेगळे करणारी लाइन आहे. तिच्या छोट्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम मी बांधून देतो. कॉलेज मी पाहिलं नाही. पंचवटीत मोबाइल दुरुस्त करता करता शिकलो.

गेल्या सीझनला त्याच्या मेमरी कार्डावर जागा उरेना. वजनाच्या प्रोग्रामला चालायला दोन लहान लायब्ररी, म्हणजे तयार कोडच्या फायली, लागायच्या, आणि त्या कंपायलरच्याच पॅकेजात कोंबलेल्या. म्हणजे पॅकहाऊसमध्ये कुणी प्रोग्राम तयार करणार नसलं, तरी तयार करायचं अख्खं हत्यार तिथे चढवायचं. पॅकेजाचे दोन भाग करा, असं मी ते सांभाळणाऱ्या गृहस्थांना वारंवार लिहिलं. "डिस्क स्वस्त आहे," एवढंच उत्तर आलं. ते अजून टोचतं.

शेवटी मीच भाग केले. लायब्ररी एका पॅकेजात, कंपायलर दुसऱ्यात. घरच्या मशीनवर सगळं चाललं. पॅकहाऊसमध्ये जुनी सिस्टिम पुसून नवी चढवली, आणि लाइन सुरूच होईना.

शेठ मागे येऊन उभे राहिले. "काय झालं भाऊ?"

"बघतोय."

"बघा, निवांत बघा. कंटेनर दुपारी भरायचाय. तुमचंच काम करणारी पुण्याची पार्टी रोज फोन करते मला."

"मग बोलवा तिलाच," मी तडकलो. "ती येईपर्यंत द्राक्षं हाताने तोला."

बोललो खरा, पण लगेच पुन्हा स्क्रीनकडे वळलो. हे काम गेलं असतं तर आजूबाजूच्या पॅकहाऊसची कामंही गेली असती. पट्ट्याशेजारी बायका रिकाम्या बसलेल्या. एक म्हणाली, "दादा, चहा सांगू का आता जेवणच?"

स्क्रीनवर एका लायब्ररीचं नाव होतं: सापडत नाही. शोधली, तर ती कंपायलरच्या पॅकेजातच राहून गेली होती. घरच्या मशीनवर कंपायलर होताच, म्हणून तिथे काही अडलं नाही. लॅपटॉपवर मी तिला योग्य पॅकेजात हलवलं, कंपायलर नसलेल्या कोऱ्या सिस्टिमवर प्रोग्राम चालवून पाहिला, मगच लाइनवर चढवलं. पट्टा हलला.

"संध्याकाळपर्यंत टिकेल ना?" शेठ म्हणाले.

"टिकेल. पुढच्या सीझनचं काय?"

"आधी कंटेनर तर जाऊ द्या."

निघायला काढलेली गाडीची किल्ली मी परत खिशात टाकली आणि तिथेच एका क्रेटवर बसलो. पट्ट्याचा आवाज जरा बदलला की स्क्रीनकडे बघत होतो.