पसंतीक्रम

आमच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांचे वजनकाटे तोच दुरुस्त करतो, म्हणून समोर सगळे त्याला काटेवाला म्हणतात. पाठीमागे त्याचं नाव भिंगरी. चहा उभ्यानं पिणार, काटा उघडून स्क्रू पिळतानाही एका पायावरून दुसऱ्या पायावर होणार. माझ्या धान्याच्या दुकानात तो वीस वर्षं येतोय, पण त्याला स्टुलावर बसलेलं मी एकदाच पाहिलं. त्या दिवशी त्यानं मला ही गोष्ट सांगितली; त्यापुढचं नंतर येता-जाता कळत गेलं.

घरात माणसं तीन. बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत मदतनीस. मुलगी लहान असताना आपली शाळा सुटली की आईकडे जायची, तिथल्या पोरांबरोबर खेळायची. बघता बघता ती त्यांच्यासारखीच बोटांनी बोलायला लागली. रुसली की त्या खुणांनीच भांडायची. आई हसायची, आणि बाप म्हणायचा, ‘‘मला कळेल असं भांड की गं!’’

एकदा काटेवाल्याला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले तराजू तपासायचं काम मिळालं. काचेच्या पेटीतले नाजूक तराजू, श्वास सोडला तरी आकडा हलायचा. बाजूला पांढऱ्या कोटातली मुलंमुली वाट बघत उभी होती. त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, आता वापरू का?’’ आजवर त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते कॉलेज त्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. मुलगी तेव्हा सातवीत होती.

पुढची पाच-सहा वर्षं त्यानं दुसरा विषय काढला नाही. क्लास, सराव परीक्षा, त्यातले मार्क. माझ्या दुकानात गिऱ्हाईक असलं तरी हा मध्येच सांगणार, ‘‘काका, परवाच्या पेपरात चार मार्क वाढले.’’ बायको म्हणायची, ‘‘अहो, पोरीला विचारलंत का एकदा तरी?’’

‘‘तिला काय कळतंय? अठरा वर्षांची तर आहे.’’

‘‘मी अठराव्या वर्षी तुमच्याशी लग्न केलं.’’

‘‘कळत नव्हतं म्हणूनच केलंस ना!’’

प्रवेश परीक्षेच्या दिवशी तो तीन तास केंद्राच्या भिंतीला फेऱ्या मारत होता. शेवटी फाटकावरचा रखवालदार वैतागला. ‘‘अहो, एका जागी उभे राहा. तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलं.’’

पोरगी हुशार. मार्क चांगले पडले. आता संगणकावर अर्ज भरायचा होता. कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची, आणि मार्कांप्रमाणे वरून जे पहिलं मिळेल तिथं प्रवेश पक्का. मुलीनं आईसमोर बसून अर्ज भरला. पहिल्या क्रमांकावर लिहिलं जवळचंच एक लहानसं कॉलेज. तिथं कर्णबधिर मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम होता. दुसऱ्यावर मोठं कॉलेज.

‘‘दुसरं तुमच्यासाठी, बाबा,’’ ती म्हणाली.

तो ‘‘बरं’’ म्हणून बाहेर पडला आणि उगाचच बाजारात दोन चकरा मारून आला.

अर्ज बदलायची मुदत शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. दुपारी मायलेकी शाळेत होत्या. हा जेवायला घरी आला, पण ताट वाढून घेतलंच नाही. पासवर्ड त्यानंच ठेवला होता. त्यानं अर्ज उघडला. एकाच्या जागी दोन केलं, दोनच्या जागी एक. जतन करायचं बटण दाबलं. अर्ज बदलल्याचा निरोप त्याच्याच फोनवर आला, तो पुसून टाकला आणि पिशवी उचलून कामाला गेला. त्या दुपारी एका दुकानातला काटा त्यानं तीनदा उघडला, तीनदा बंद केला.

यादी लागली. मोठं कॉलेज. मुलीनं आपला अर्ज उघडून बघितला.

‘‘बाबा, माझ्याकडून क्रम चुकला वाटतं.’’

‘‘तू माझ्यासमोर भरलास,’’ आई म्हणाली. ‘‘मी बघितलाय.’’

‘‘मलाही तसंच आठवतंय. पण इथं उलटं आहे ना. घाईत झालं असेल.’’

त्या क्षणी बोलता आलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, ‘‘जाऊ दे बाळा, होतं असं.’’ बायको त्याच्याकडे बघायला लागली, तसा तो मिठाई आणायला म्हणून जिना उतरला.

मुलगी दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहायला गेली. बाजारानं त्याचं कौतुक केलं, मीही केलं. पण ज्यासाठी एवढा जीव टाकला ते मिळालेला माणूस असा दिसत नाही. गालफडं बसली. काम अर्धं टाकून जायचा, मग परत यायचा. मुलगी फोनवर आईला काय काय सांगायची ते त्याच्या कानावर पडत होतं. खोलीला कुलूप लावल्यावर ती दोनदा वर जाऊन बघते. पेपरावर बैठक क्रमांक लिहिला की शेजारणीला विचारते, बरोबर आहे ना. वही जमा करण्याआधी स्वतःचं नाव तीनदा वाचते. ‘‘मी फार वेंधळी आहे गं आई,’’ असं ती म्हणाली, ते ऐकून तो चप्पल न घालताच बाहेर पडला.

तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला, तो दुसऱ्या दिवशी. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, ‘‘काका, आता काय करू?’’

‘‘मला कशाला विचारतोस? तिला जाऊन सांग.’’

पहिल्या बसनं गेला. कॉलेजच्या उपाहारगृहात मुलीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. तो टेबलापाशी उभाच. ‘‘बसा ना बाबा, सगळे बघतायत.’’ तरी तो उभाच राहिला आणि उभ्यानंच बोलला, एका दमात. एकाच्या जागी दोन, दोनच्या जागी एक.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

‘‘म्हणजे मी चुकले नव्हते?’’

‘‘नाही.’’

‘‘चार महिने, बाबा. चार महिने मी माझ्या हातानं लिहिलेल्या एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. कॉलेजचं काही नाही हो, कॉलेज चांगलंय. पण मी तुमच्यासमोर ‘माझ्याकडून चुकलं’ म्हणाले आणि तुम्ही ‘होतं असं’ म्हणालात!’’

‘‘चल, घरी चल. आपण सगळं बदलून घेऊ. मी बघतो कुणाला भेटायचं ते.’’

‘‘तुम्ही काही बघू नका,’’ ती म्हणाली. पुस्तकं उचलली आणि तासाला गेली. दोन्ही चहा तसेच राहिले.

बायकोला त्यानं घरी आल्यावर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘मला यादी लागली त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कधी बोलताय ते बघत होते.’’ पुढचे कित्येक दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता.

मुलीनं ते वर्ष पुरं केलं, चांगल्या मार्कांनी. मग नव्यानं अर्ज भरला, लहान कॉलेजात प्रवेश घेतला, आणि वर्ग सुरू झाल्यावर बापाला फोन करून कळवलं. तो ‘‘बरं’’ म्हणाला. आज ती शिक्षिका आहे, चार वर्षं झाली. दर रविवारी फोन करते, गुडघे कसे आहेत विचारते, औषधाची आठवण करते. कडू शब्द कधी नाही. पण नोकरी कुठली धरली, घर कुठं घेतलं, हे सगळं झाल्यावर कळतं.

‘‘पूर्वी शाईचा रंगसुद्धा विचारून घ्यायची हो,’’ तो मला म्हणाला.

मागच्या आठवड्यात काटा तपासायला आला तेव्हा कळलं, ती आणखी लांबच्या एका शाळेत रुजू झालीय. सामानसुद्धा पोचलंय.

‘‘जाऊन बघून येतो म्हणतो. खिडक्या-बिडक्या नीट आहेत का.’’

‘‘बोलावलंय का तिनं?’’

‘‘येऊ नका असं काही म्हणाली नाही.’’

एवढं बोलून तो पिशवी घेऊन निघाला. पाना माझ्या गल्ल्यावरच राहिला होता, तो न्यायला परत आला. पायरी उतरला, पुन्हा वळला.

‘‘काका, आधी फोन करून विचारू का?’’

‘‘विचार.’’

त्यानं फोन काढला, नंबर लावला, आणि कानाला धरून दुकानासमोर येरझाऱ्या घालायला लागला.