आबांनी धरलेला दम

आमच्या आबांना हृदयविकाराचा झटका येऊन तीन महिने झाले होते आणि आता आम्हालाच झटका यायची पाळी होती. चहा गार का, रेडिओ मोठा का, सगळ्यावर खेकसायचे. दुपारी पाठ टेकायचे नाहीत, खुर्चीत ताठ बसून राहायचे. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालूच ठेवा, पण मन शांत करायचं काहीतरी शिका.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. उचगावच्या बुद्धविहारात एक निवृत्त मास्तर पाच दिवस ध्यान शिकवणार होते. आबांनी तालमीतले दोन जुने जोडीदार बरोबर घेतले. आईनं लक्ष ठेवायला मला पाठवलं.

मास्तर म्हणाले, श्वासाकडे लक्ष द्या. हे तिघे म्हातारे झाले तरी पैलवानच. छाती फुगवून त्यांनी दम कोंडला आणि कोण आधी सोडतो म्हणून एका डोळ्यानं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनी सोडला. आबा लालबुंद होईतो बसले. मला त्यांचा रागच आला.

मास्तर त्यांच्याजवळ येऊन बसले. "आबा, ही कुस्ती न्हाय. दम धरायचा न्हाय, येतोय-जातोय तेवढं बघायचं."

मला वाटलं, आता मास्तरांची खैर नाही. पण आबा खाली बघत म्हणाले, "डोळं मिटलं की वाटतंय, ह्यो आता बंद पडणार. म्हणून मीच धरून बघतोय, परत चालू हुतोय का."

जोडीदार हसले नाहीत. तीन महिने आम्ही ज्याला खवटपणा म्हणत होतो, ती भीती होती. मी त्यांना किती उलटून बोलले होते. माझी मलाच लाज वाटली.

"भ्या वाटलं तर तेबी बघायचं," मास्तर म्हणाले. "मी हितंच बसतो."

पाच दिवसांत चमत्कार काही झाला नाही. पण पुढं रोज सकाळी दहा मिनिटं आम्ही बापलेक बसू लागलो. महिन्याभरानं रक्तदाब थोडा उतरला. गोळ्यांनी की ध्यानानं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. खेकसणं मात्र निम्म्यावर आलं.

एका दुपारी बघते तर आबा कॉटवर आडवे, डोळे मिटलेले. मी दारातच थबकले. बंडी वर-खाली होतेय का, तेवढंच बघत राहिले. माझा श्वास कधी अडकला, कळलंच नाही.

डोळे न उघडता आबा म्हणाले, "चालू हाय की. जा, च्या ठेव."