गुऱ्हाळावरची लस

कोरोनाच्या वेळी कुठल्या देशाला लस आधी आणि कुठल्याला मागून, यावरून टीव्हीवर जी हमरीतुमरी चालायची ती बघताना मला हसू यायचं. सून म्हणायची, "आई, यात हसण्यासारखं काय आहे?" हसण्यासारखं खरंच काही नव्हतं. मला आपलं नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याकडचं एक गुऱ्हाळ आठवायचं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकतीच आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागले होते. कारखान्याच्या बाजूला ऊसतोडणीवाल्यांच्या तळावर एका पोराला देवी आल्या आणि आम्हाला आसपासच्या गावांत लस टोचायला पिटाळलं. मी मुद्दाम गुऱ्हाळ गाठलं. घरोघर फिरलं की पोरं माळवदावर चढून बसायची. गुऱ्हाळावर मात्र गरम गुळाच्या आशेनं आपणहून यायची. दंडाला सुई टोचली की हातावर गूळ. भोकाड पसरलेलं पोर गूळ चाटायला लागायचं.

गुऱ्हाळाचे मालक दिलदार माणूस. वाटेनं जाणारा कुणीही असो, रस पाजल्याशिवाय त्याला पुढं जाऊ द्यायचे नाहीत. मला तर त्यांनी नको नको म्हणत असताना बाजेवर बसवून तांब्याभर रस प्यायला लावला. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीही तान्ह्याला घेऊन तिथंच, चुलाणाच्या उबेला बसली होती.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग लशीची एकच कुपी उरली, फार तर वीस-पंचवीस जणांपुरती. नेमक्या त्याच वेळी, मालकांचाच ऊस तोडणाऱ्या बीडकडच्या बाया पोरं काखेला मारून येऊन उभ्या राहिल्या. गावातल्या बहुतेकांच्या दंडावर लशीचे जुने वण होते. या पोरांचे दंड कोरे. मी पुढच्या बाईला हाक मारली. तिचं बाळ जेमतेम मान धरायला लागलेलं.

"थांबा बाई," मालक म्हणाले. "ती बीडची मानसं हायती. त्यांचं त्यांच्या जिल्ह्यात बघतील. ही लस आमच्या गावाची हाय."

"काका, रोग तळावर आलाय. आधी त्यांना नको का द्यायला?"

"आनि उद्या गावात देवी आल्या, मग?"

मी मुळातच तापट. कुपी त्यांच्या नाकासमोर धरली. "वाचा बरं, कुठल्या गावाची आहे ती." वरची अक्षरं मलाही लागत नव्हती. रशियानं फुकट दिलीय, एवढंच डॉक्टरांनी सांगितलेलं. "त्या लोकांनी कधी नगर पाहिलंय का बीड? त्यांनी एवढ्या लांबून दिली, आणि आपण शिवेवरून भांडायचं?"

मालक जागचे हलले नाहीत. त्यांच्या मागं अख्खं गाव उभं. ती बाई बाळाला पदराखाली घेऊन परत फिरली. रोग उद्या तिच्या पाचटाच्या कोपीत शिरला असता तर त्या एवढ्याशा जिवाचं काही खरं नव्हतं, आणि मी हातात लस घेऊन नुसती बघत होते. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात मालकांची लेक उठली. तान्ह्याला घेऊन सरळ तोडणीवाल्या बायांच्या मागं जाऊन उभी राहिली.

"तिकडं कुठं गेलीस? हिकडं पुढं ये," मालक म्हणाले.

"न्हाई आबा. माझं सासर आष्टीचं, म्हंजे माझं पोरगं बी बीड जिल्ह्याचंच. त्येचं बी तिकडंच बघतील."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काहिलीतला उकळता रस ढवळणारा गुळव्या हात थांबवून बघायला लागला. मालकांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. पहिला नातू तो. आणि लेक एकदा बोलली की मागं यायची नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार!

ते बाजूला झाले. मी त्या बाईला परत बोलावलं. तिला सुईकडं बघवेना, तिनं तोंड फिरवलं. बाळ असे हातपाय झाडत होतं की दंड हाती लागेना.

"काका, नुसते उभे काय राहिलात? धरा याला."

त्यांनी धोतराला हात पुसले आणि बाळ मांडीवर घेतलं. मग तोडणीवाल्यांची सगळी पोरं त्यांनीच धरली, आणि सगळ्यात शेवटी आपला नातू. गावातले लोक थोडा वेळ कुरकुरले आणि रस पिऊन घरी गेले. एवढं समाधान मला पुढं नोकरीत क्वचितच मिळालं.

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत गुळाचा भला मोठा खडा घातला. "उद्या लस घिऊन पलीकडच्या तळावर जानार न्हवं?" त्यांनी विचारलं. "मी येतो बरुबर. बीडची पोरं लई हातपाय झाडत्यात. आमचं बी त्यातलंच."