न पाहता दिलेला होकार

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, नणंदेपाशी नाही. जिच्यापासून मी काहीच झाकत नाही असे मला वाटते, त्या माझ्या कवितेपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलते आहे ते तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. दिसला असता, तर याही वेळी मी दुसरेच काहीतरी बोलले असते.

कुठून सुरुवात करू? ऋणापासून करते. ते तरी मनापासून सांगता येते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले. मराठीची पदवी आणि कवितांच्या दोन वह्या एवढीच माझी मिळकत. राजाजीनगरातले ते घर कित्येक पिढ्या बंगळूरकर झालेले. तिथली मराठी कन्नडच्या पाण्यावर वाढलेली, गोल आणि संथ. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पाळ्यांवर. दिवसभर घरात आम्ही दोघेच — मी आणि माझे सासरे, अप्पा.

अप्पा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे हत्यारे घडवायच्या विभागातून, निवृत्त झालेले. विनम्र मुळीच नव्हते. आपल्या बोटांविषयी ते असे बोलत, जसे लोक आपल्या गाणाऱ्या मुलीविषयी बोलतात. गल्लीतले कुलूप, शिलाईमशीन, मिक्सर, काहीही बिघडले की त्यांच्या टेबलावर येई. "आण इकडे. कुणी बिघडवलं? देवानं बिघडवलं असलं तरी करून देतो!" त्या बढाईने घर भरलेले असे. सकाळच्या कॉफीच्या वासासारखी ती मला लागायची.

माझी नणंद — आम्ही सगळे तिला अक्का म्हणत असू — बँकेत होती, आणि नेमबाज होती. तिचे परवान्याचे स्पर्धेचे पिस्तूल होते: लहान गोळीचे, अर्धस्वयंचलित, एका जुन्या खेळाडूकडून रीतसर घेतलेले. गोळ्या क्लबच्या कपाटात. घरी येई ते रिकामेच. तरीही अप्पा दर वेळी ते उघडून, बोट घालून, पुन्हा उघडून पाहत. "रिकामं आहे असं समजतो तो गाढव," असे पुटपुटत.

प्रत्येक बारानंतर गोळीची रिकामी पुंगळी बाहेर ओढणारी एक आकडी त्यात असते. नखाएवढी. ती झिजली होती. नवी आकडी महत्प्रयासाने आली, पण ती अंगाने किंचित जाड. खाचेत जाई, पण मोकळी हलत नसे. निवड स्पर्धा तोंडावर आलेली. अक्का म्हणाली, दुकानात देऊ या. अप्पा दुखावले. "घरात डॉक्टर असताना कंपाउंडरकडे जातेस होय?"

मग आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. देवघरातला कापूर पेटवायचा, त्याच्या धुरावर आकडी धरून ती काळी करायची, खाचेत बसवायची, काढायची. जिथे घासते तिथला काळा रंग जाऊन धातू चकाकतो. तेवढ्याच जागी बारीक कानस फिरवायची. पुन्हा धूर, पुन्हा बसवणे. काजळी सगळीकडे सारखी राहिली, की झाले. साधे काम — पण त्याला डोळे हवेत. आणि अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हे गुपित फक्त मला ठाऊक होते.

"डोळे माझे जरा रजेवर आहेत," ते म्हणाले. "अक्काला सांगू नकोस, ती मला लगेच आस्पत्रीत नेईल. तू स्वल्प बघत जा, बाळ."

तर मी त्यांचे डोळे झाले. कापराचा गोड जळका वास, घासलेटाचा उग्र, कानशीचा तो मांजरीच्या जिभेसारखा आवाज — आणि खिडकीच्या उजेडात, माझ्या तळव्यावर, ती एवढीशी काळी वस्तू. त्या परक्या शहरात इतक्या विश्वासाने तोवर कुणी मला काही विचारले होते का? एकदा मी म्हणाले, कडेला चांदण्यासारखी एक रेघ उमटली आहे. अप्पा हसले. "उपमा नको, जागा सांग!" मी जागा सांगितली. त्यांचे बोट नेमके तिथेच गेले. प्रत्येक खेपेला ते विचारत, "सरी?" — ठीक ना? — आणि मी पाहून सांगत असे: अजून नाही.

अजून नाही. हे दोन शब्द मी किती प्रामाणिकपणे म्हणत होते, ते आठवले की आजही बरे वाटते. म्हणूनच त्या शब्दांपाशी रेंगाळते आहे.

ती कोजागरीची संध्याकाळ होती. मराठी मंडळात कविसंमेलन, आणि बंगळूरमध्ये पहिल्यांदाच मला बोलावणे आलेले. मी रेशमी साडी नेसले होते. फाटकाशी रिक्षा उभी, रिक्षावाला भोंगा वाजवत होता. अप्पांनी आकडी काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवली आणि चेहरा वर केला — माझ्या दिशेने, पण माझ्याकडे नव्हे. दिसत कुठे होते त्यांना?

"सरी?"

मी आरशापुढे होते. पिन तोंडात. वळून, खिडकीशी जाऊन, ती काळी वस्तू हातात घ्यायची — साडीला काजळी लागली असती. आणि घासलेली जागा दिसली असती तर? मग पुन्हा कापूर, पुन्हा कानस, आणि रिक्षा निघून गेली असती.

"सरी, अप्पा," मी म्हणाले. "सगळीकडे सारखं आहे."

पहिला शब्द घाईचा होता असे एखादा दयाळू माणूस म्हणू शकेल. पण दुसरे वाक्य? ते मी रचले. त्याला लय दिली. न पाहिलेल्या गोष्टीचे वर्णन केले — आणि त्याच संध्याकाळी व्यासपीठावर उभी राहून जी कविता वाचली, ती अप्पांच्या बोटांवरची होती. टाळ्या पडल्या. त्या मी घेतल्या.

परतले तेव्हा आकडी पुसून, तेल लावून, बसवून झाली होती. अप्पा खुशीत होते. काजळीच पुसली गेली होती; आता पाहून सांगावे तरी काय? — असे मी स्वतःला सांगितले. दुसऱ्या दिवशी अक्काने क्लबात सावकाश काही बार केले. पिस्तूल नीट चालले. मी सुटले असे मला वाटले.

निवड स्पर्धेत, भराभर बार करायच्या फेरीत, पुंगळी अडकली. एका अडकण्याला माफी होती. दुसऱ्याला नव्हती, आणि ती पुन्हा अडकली. अक्का संघाबाहेर गेली.

ती घरी आली, पेटी टेबलावर ठेवली, तोंड धुतले. "जाऊ दे हो अप्पा. पिस्तुलालाही पेन्शन लागते कधीतरी." हसतच म्हणाली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी ते उघडले, रिकामे असल्याची खात्री केली, आकडी सोडवली, आणि अंगठ्याचे नख तिच्या कडेवरून फिरवले. एका जागी थांबले. "इथे धरतंय."

त्यांनी आकडी फडक्यावर ठेवली.

"बोट गेलं माझं," ते म्हणाले. "शेवटचा हात चुकला असणार."

त्यांनी माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. समजते का तुम्हाला? माझ्या शब्दावर शंका घ्यावी हे त्यांच्या मनाला शिवलेच नाही. आयुष्यभर न चुकलेल्या स्वतःच्या बोटांवर शंका घेणे त्यांना अधिक सोपे वाटले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंड उघडले. आणि विचारले — अप्पा, कॉफीत साखर किती? त्या घरात येऊन इतका काळ लोटला होता. साखर किती, हे मला पाठ होते.

आकडी शेवटी दुकानात नीट झाली. अक्का पुढच्या वर्षी संघात गेली. तिचे नुकसान भरून निघाले. अप्पांचे नाही. शेजारीण मिक्सर घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "बाहेर दाखवा, अम्मा. आता आमचं काही खरं नाही." कानशी तेलकट कापडात गुंडाळून पीण्यातल्या एका ओळखीच्या फिटरला देऊन टाकल्या. आणि ती बढाई — ती थांबली. एखाद्या घराला आवाज असतो हे तो गेल्यावर कळते.

इथवर मी तुम्हाला भित्रेपणा सांगितला. थांबले असते तर तुम्ही मला क्षमाही केली असती. पण पुढचे ऐका.

अप्पांच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या, आणि त्या माझ्याकडे आल्या. मी लिहीत बसले की ते समोर येऊन बसत. "वाच." डोळे मिटून ऐकत. कवितेतले त्यांना काही कळत नाही असे म्हणत — आणि मग एखाद्या ओळीवर हात वर करत: "इथे धरतंय." ती ओळ खरोखरच अडकलेली असे. मी ती काढायची, घासायची, पुन्हा वाचायची. माझ्या कोणत्याही प्राध्यापकाने मला इतके शिकवले नाही. माझा कान त्यांनी घडवला. माझा पहिला संग्रह त्यांनी, अक्षरशः, ऐकून ऐकून बसवला. अर्पणपत्रिकेत त्यांचे नाव आहे. ती कृतज्ञता खोटी नाही. माझ्या आयुष्यात तिच्याइतके खरे फार थोडे आहे.

पुढे अक्कानेच हट्टाने त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करवली. पट्टी निघाल्यावर एका सकाळी ते खिडकीशी बसून आपल्या बोटांकडे पाहत होते, उलटसुलट करून. म्हणाले, "डोळे परत आले गं. पण यांच्यावर आता भरवसा नाही."

तेव्हा सांगता आले असते. अक्का घरात नव्हती. ते रागावले नसते, हेही मला ठाऊक होते. एक वाक्य — आणि त्यांना आपली बोटे परत मिळाली असती. मग का नाही बोलले? भीतीने? नाही. ते कानशीकडे परत गेले, तर संध्याकाळी माझ्या कविता कोण ऐकणार, हा विचार माझ्या मनात आला. स्वच्छ, पूर्ण वाक्यात आला. आणि मी म्हणाले, "असू द्या अप्पा. बसा, नवं काही लिहिलंय."

ते बसले. मनापासून ऐकले.

दशक संपता संपता ते गेले. शेवटपर्यंत त्यांचा समज तोच राहिला. त्यांचा हात कधीच चुकला नव्हता, हे जगात एकट्या मला माहीत होते. आणि ते मी त्यांना कळू दिले नाही, कारण त्यांच्या न कळण्यावर माझे सगळे चांगले चालले होते.