कान किती दिवस वाहतोय

हे मी कुणाला सांगितलेलं नाय. नवऱ्याला नाय, देवाला नाय. रत्नागिरीत कानाच्या डॉक्टरच्या खोलीत त्या दिवशी चौघं होतो — डॉक्टर, त्याची नर्स, माझी धाकटी जाऊ सुशीला, आणि मी. डॉक्टर तेव्हाच म्हातारा होता, गेला असेल. नर्सला कशाला आठवतंय? सुशीलाला तर तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. उरले मी.

ऐंशी सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं झाली असतील. हातखंब्याच्या फाट्यावरून आत आमचं गाव. दोघींचे नवरे मुंबईत, घरात आम्ही दोघीच. तिचा डावा कान वाहायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून — सहा वर्षं. वास असा, की जेवताना मी तिला पडवीत बसवायची. कुजकी म्हणायची. तोंडावर. तिला उजव्या कानानेही कमीच ऐकू यायचं, ती हसायची. हसणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो — तुम्हाला नाय येत?

मग तिला चक्कर यायला लागली. विहिरीवर घागर टाकून खालीच बसली एकदा. म्हणून नेली. एस्टीत लोकांनी नाक मुरडू नये म्हणून कान पुसला, वर अत्तराचा फाया कोंबला. मोठा.

डॉक्टरने फाया काढलान, दिव्याने आत बघितलंन. पू एवढा, की पडदा नीट दिसेना. मग कागदावर कानाचं चित्र काढून मला दाखवलान.

"हे बघा बाई, कान फुटतो तो दोन तऱ्हांनी. पडद्याला मधोमध भोक असलं तर नुसतं वाहतं, औषधाने सुकतं. वर कडेला असलं तर आत कातडीचा गोळा साठतो, तो हाड खातो. आधी कानातलं, मग कानामागचं. मग तोंड वाकडं होतं, मग मेंदू. हिचं कुठलं नि कुठवर गेलंय, ते मला दिसत नाही. तुम्ही सांगा. किती दिवस वाहतोय? वास येतो? चक्कर?"

"आणि ते दुसरं असलं तर?"

"तर मुंबईला ऑपरेशन. पुढे पाच-सहा महिने नवऱ्याकडेच राहू दे तिला."

मुंबईला. नवऱ्याकडे. — माझ्या लग्नाला चौदा वर्षं झालेली. मी मुंबई डोळ्यांनी बघितली नव्हती. खोलीत जागा नाय, म्हणायचा माझा. आणि ही कुजकी जाणार? भाताची लावणी तोंडावर आलेली, ती मी एकटीने ओढायची?

सुशीला माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. आमच्यात थोरली असताना धाकटीने परक्या पुरुषाशी बोलायचं नसायचं. डॉक्टरही मलाच विचारत होता. मी म्हटलं — महिना झाला. डोक्यावरून नाहताना पाणी गेलं. वास नाय. चक्कर नाय.

खोलीभर अत्तर घमघमत होतं.

"मग हे थेंब टाका," म्हणाला. "पंधरा दिवसांनी आणा, कान साफ करून परत बघतो."

मी परत नेली नाय.

लावणी झाली. माझ्या बरोबरीने केलीन तिने. गणपतीत दीर आला तेव्हा तिचं डावं तोंड ओघळलेलं, डोळा मिटत नव्हता, पेज ओठातून गळायची. त्याने तिला तशीच मुंबईला नेलीन. तिथला डॉक्टर म्हणे ओरडला — इतके दिवस झोपला होतात काय? मेंदूपर्यंत जायचंच बाकी होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण त्या कानाचं ऐकणं गेलं. तोंड सरळ झालं नाय.

आता ती गावातच असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, अक्कांनी डॉक्टरकडे नेलंनी म्हणून मी जगले. सणाला माझ्या पाया पडते. त्या वाकड्या तोंडाने हसते. तेव्हा मला तिचा रागच येतो. हे लिहितानाही येतोय. रडू येत नाय — कशाला खोटं सांगू?

चौथी शिकलेली बाई, तिला काय कळतंय, असं कुणी म्हणेल. मला सगळं कळलं होतं. कुठलं भोक, कुठलं हाड, पुढे काय होणार — सगळं. कळून बोलले.

तिला वाचता येत नाय. तिच्यासमोर बोलायची माझी छाती नाय. हे ज्याच्या हाती पडेल त्याने तिला वाचून दाखवा. उजव्या बाजूला बसा, मोठ्याने वाचा. काही गाळू नका.